शुक्रवारची शांतता

नारपोलीतल्या ज्या दवाखान्यात माझं नाव घातलं होतं, त्याच्या मागच्या भिंतीला टेकून बसलं की पाठीची फुकटात मालीश व्हायची. भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. भिंत एकेरी विटेची. पलीकडे धोटा इकडून तिकडे गेला की अलीकडे आमच्या बरगड्या हलायच्या. बाकावर ओळीनं बसलेल्या आम्ही पोटुशा बायका एकाच तालात डुलत असायचो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, आत भजन चाललंय. औषधाच्या बाटल्यासुद्धा फळीवर हळूहळू पुढे सरकत कडेपर्यंत यायच्या आणि कंपाउंडर येताजाता त्यांना हातानं मागे लोटायचा. हे काम तो औषध देण्यापेक्षा जास्त मन लावून करायचा.

आमची नगरपालिका याला दवाखाना म्हणत होती. आता भिवंडीची महानगरपालिका झाली आहे म्हणतात. मोठी झाली म्हणून शहाणी झाली असेल असं मला वाटत नाही. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला ती साधी नगरपालिका होती आणि मी साधी नवी सून होते. दोघींनाही आपापल्या कामाची काहीच समज नव्हती. फरक एवढाच, की मला रोज कुणीतरी सुनावत होतं. पालिकेला सुनावणारं कुणी नव्हतं.

सुनावणाऱ्या म्हणजे आमच्या सासूबाई. वज्रेश्वरीच्या अलीकडच्या गावातल्या. भाताच्या खाचरात जन्म काढून मुलाच्या नोकरीपायी भिवंडीत आलेल्या. हे एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून. आम्ही तिघं नारपोलीच्या चाळीत दीड खोलीत राहायचो. तिसऱ्याच्या पुढचं चौथं माणूस त्या घरात यावं, ही सगळ्यांची इच्छा होती. आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

कारण एक होऊन गेलं होतं. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. याच दवाखान्यात, याच टेबलावर त्या वेळच्या डॉक्टरांनी माझ्या पोटाला नळी लावली, मान हलवली आणि म्हणाले, "ठोके एकदम ठीक." त्याच आठवड्यात सगळं संपलं. कसले ठीक? त्यांना भिंतीपलीकडचे ठोके ऐकू आले असणार. ते मात्र खरोखरच ठीक होते. दिवसरात्र दोन शिफ्टमध्ये, बिनचूक.

बाळ त्यांना ऐकू आलं असतं तर वाचलं असतं का, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण ऐकलंच नाही, हे मला माहीत होतं. म्हणून दुसऱ्या खेपेला मी एकच हट्ट धरला. या वेळी कुणीतरी खरं ऐकलं पाहिजे. डोहाळे वगैरे लाड मी मागितले नाहीत. खरं तर मागितले होते. सासूबाईंनी चिंच आणून हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "झाले डोहाले."

या वेळी सिस्टर नवी होती. गणेशपुरीकडून एसटीनं ये-जा करायची. अंगानं बारीक, आवाजानं खणखणीत. तिनं पहिल्याच बुधवारी माझ्या पोटावर ती कर्ण्यासारखी छोटी नळी टेकवली, कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ तशीच. मग सरळ उभी राहिली.

"बाई, मला कारखाना ऐकू येतोय. बाळ ऐकू येत नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काही नाही. बाळ असेल छान. पण मला ऐकू आलं, असं मी खोटं सांगणार नाही."

त्या दिवशी घरी जाऊन मी रडले. सासूबाई म्हणाल्या, "खरं बोलली म्हनून रडतंस काय? आधीचा खोटं बोलला तवा पेढं वाटलं व्हतंस." हेही खरं होतं. पेढे मी वाटले होते.

एक शहाणी वाचक विचारेल, की मग दुसरीकडे जायचं. गेले होते. मोठ्या इस्पितळात बाईंनी विचारलं, नोंद कुठली? नारपोली. मग नारपोलीलाच तपासा, इथं फक्त बाळंत व्हायला या. बाजारातल्या खाजगी डॉक्टरीणबाईंकडे एकदा दाखवलं. त्यांनी ऐकलं, हसून मान हलवली. ते हसू मी महिनाभर पुरवून वापरलं. पण दर खेपेला तिथं जायची आमची ऐपत नव्हती.

आणि दुसरी शहाणी वाचक, ती भिवंडीची असली तर, विचारेल: शुक्रवारी का नाही गेलीस? शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी कारखान्यांच्या लाइनीवरची वीजच बंद असायची. सगळी नारपोली मुकाट. कामगार आंघोळी करून, डोक्याला तेल लावून फिरताहेत, आणि इतकी शांतता की चार घरं पलीकडची फोडणी ऐकू येते. त्या दिवशी सिस्टरला मुंगीच्या पोटातलंसुद्धा ऐकू आलं असतं.

पण शुक्रवारी दवाखान्याला कुलूप. साऱ्या पालिकेची सुट्टी रविवारी, या एकाच दवाखान्याची शुक्रवारी. कारण गाळ्याला स्वतःचं वीजमीटर नव्हतं. मागच्या कारखान्यातून वायर ओढून घेतली होती. कारखाना बंद की दवाखान्यात अंधार, म्हणून सुट्टीही शुक्रवारीच. आठवड्यात ज्या एका दिवशी तिथं काही ऐकू आलं असतं, नेमका तोच दिवस शोधून काढून त्यांनी बंद ठेवला होता. मुद्दाम करायचं म्हटलं असतं तर पालिकेला इतकं नेमकं जमलं नसतं.

गाळा कुणाचा? ज्याचा कारखाना त्याचा. आणि कारखाना कुणाचा? पालिकेच्या आरोग्य समितीचे जे सभापती, त्यांचा. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. म्हणजे आमच्या आरोग्याची काळजी वाहणारा माणूस, आमच्या दवाखान्याचं भाडं घेणारा माणूस आणि आमच्या बाळांचे ठोके बुडवणारा माणूस, हे तिघं एकाच सफारी सूटमध्ये हिंडत होते.

तर करायचं काय? आमच्या चाळीच्या वरच्या अंगाला, जिथं एकही लूम नाही अशा जागी, पालिकेनंच बांधलेली एक व्यायामशाळा होती. नवीकोरी, दोन खोल्या, मोरी, पाण्याचा नळ, बाहेर कडुनिंब. तिला कुलूप होतं, कारण तिचं उद्घाटन कुणाच्या हातून करायचं यावर दोन गटांचं एकमत होत नव्हतं. आत एक मल्लखांब एकटाच उभा होता. खिडकीतून पाहिलं की तो एखाद्या विसरून राहिलेल्या पाहुण्यासारखा दिसायचा. दवाखाना तिथं हलवा, एवढीच आमची मागणी.

रविवारी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये दवाखान्यात नाव घातलेल्या आम्ही सगळ्या जमलो. अर्ज लिहायचं काम यांच्याकडे आलं. हे कारकून असले तरी आतून साहित्यिक. गोदामातल्या गाठी मोजता मोजता त्यांच्यात बरंच काही साचलेलं होतं, ते सगळं त्या अर्जात उतरलं. 'कर्णकर्कश ध्वनिलहरींच्या अखंड आघातामुळे गर्भस्थ शिशूचे हृदयस्पंदन अश्राव्य झाले असून' अशी सुरुवात. मी वाचताना थक्क झाले. नवरा आपल्याला वाटतो त्यापेक्षा हुशार आहे, असं बायकोला आयुष्यात दोनतीनदाच वाटतं. त्यातली ही एक वेळ.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "यात पोर कुठं हाय?"

"हे काय, गर्भस्थ शिशू."

"आनि ठोकं?"

"हृदयस्पंदन."

"ठोकं म्हन ना सरल. त्या मेल्यांना कललं तर पायजे."

"आई, सरकारी कामात ठोके म्हणत नाहीत," हे म्हणाले.

पालिकेचं उत्तर आलं तेव्हा मला सहावा संपत आला होता. सासूबाई बरोबर होत्या, हे सांगायला मला अजूनही जड जातं. उत्तर असं होतं, की अर्जदारांनी नमूद केलेल्या हृदयविकारावर पालिकेच्या दवाखान्यात उपचाराची सोय नाही, तरी रुग्णांनी ठाण्याला मोठ्या इस्पितळात जावे. खाली सही, शिक्का. पोटातल्या बाळांना त्यांनी हृदयरोगी ठरवून परस्पर ठाण्याला धाडलं होतं. यांनी तो कागद दोन दिवस खिशात ठेवला आणि त्यानंतर कित्येक वर्षं साधं मराठी लिहिलं.

मग आम्ही ठरवलं, सभेलाच जायचं. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकानं विषय मांडतो असं कबूल केलं होतं. भला माणूस. कुणी काही मागितलं की डोळ्यांत पाणी आणायचा आणि पुढच्या वळणावर विसरायचा. पण त्या वेळी विसरला नाही, कारण सासूबाई रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. बोलायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "अहो, मांडून टाका, मला आता रोज दोन कप जास्त चहा होतो."

सर्वसाधारण सभा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. सातवा महिना, अंगावर लग्नातली साडी. पालिकेत जायचं म्हणून. तिथं पाहते तर निम्मे सभासद बनियन दिसेल इतकी बटणं उघडी टाकून बसलेले. प्रेक्षकांच्या खुर्च्यांत आम्ही सहा बायका, सहाही जणी पोटुशा, आणि सासूबाई. शिपायानं आम्हाला दोनदा सांगितलं, "बाई, राशनकार्डाचं खालच्या मजल्यावर."

आमचा विषय चौथा की पाचवा होता. आधीच्या विषयांत सभागृहाला नवे पंखे घ्यायचे यावर एक तास गेला. त्यात सर्वांचं एकमत होतं, तरी एक तास गेला. मग आमच्या नगरसेवकानं उठून सांगितलं, नारपोलीचा दवाखाना बंद असलेल्या व्यायामशाळेत हलवावा.

एक पहिलवानी देहाचे सभासद उभे राहिले. "अध्यक्ष महाराज, व्यायामशाळेत बाळंतिणी? मग आमच्या पोरांनी जोर काढायचे कुठं?"

"तिथं कुणी जोर काढत नाही, कुलूप आहे," आमचा माणूस म्हणाला.

"आज नाही काढत. उद्या काढतील! तरुण पिढीचा प्रश्न आहे!"

"बाळं मोठी झाल्यावर तरुणच होणार आहेत, साहेब."

"मग तेव्हा काढू दे ना जोर. आता कशाला?"

हशा झाला. दुसरे एक जण उठले आणि म्हणाले, दवाखाना हलवायला हरकत नाही, पण आमच्या वॉर्डात हलवा. तिसरे म्हणाले, यांच्या वॉर्डात गेला तर आमच्यात एक प्रसूतिगृह द्या. चौथ्यांनी विचारलं, हा दवाखाना आहे की प्रसूतिगृह? दवाखाना असेल तर एक नियम, प्रसूतिगृह असेल तर खाटा लागतील. मग खाटांवर चर्चा. खाटा लोखंडी की लाकडी? मी मनात म्हटलं, आता हे गादीच्या कापसावर येणार. आणि आले. कापूस गावातलाच घ्यावा, अशी सूचना आली. बाळाच्या ठोक्यांचा उल्लेख या सगळ्यात एकदाही झाला नव्हता.

शेठ इतका वेळ पान चघळत गप्प होते. आता उठले. "अध्यक्ष महाराज, मी तिथं रोज जातो. बाजूलाच माझा कारखाना आहे. तिथं असा काय आवाज आहे? मला तर कधी आला नाही."

ते खोटं बोलत नव्हते, ही त्यातली मजा. भिवंडीचा माणूस लूमचा आवाज ऐकतच नाही. तो त्याच्या रक्तात बसलेला असतो. पाहुणे कानाला हात लावतात तेव्हा तो विचारतो, काय झालं, कान दुखतोय का?

मी उभी राहिले. घरी आरशासमोर मी मोठं भाषण पाठ केलं होतं, 'मान्यवर सभागृह'पासून सुरू होणारं. ते सगळं एका क्षणात पुसलं गेलं आणि तोंडातून मोठ्यानं एवढंच आलं:

"आवाज ऐकू येत नाही हो!"

सभागृह थबकलं. अध्यक्षांनी लगबगीनं समोरच्या माईकवर टकटक केलं. "हॅलो. हॅलो. आता येतोय का, ताई?"

"अहो, माईकचा नाही…"

"ए, जरा वायर बघ रे. मागे पोचत नाही म्हणताहेत." शिपाई वायरीकडे धावला. माईक किंचाळला. "वन टू थ्री. आता बरं आहे ना? बसा, ताई, बसा. या अवस्थेत उभं राहू नका." आणि वळून सभागृहाला म्हणाले, "बघा, नागरिक किती आवडीनं ऐकायला येतात."

मी खाली बसले. माझं सार्वजनिक जीवन तिथंच सुरू झालं आणि तिथंच संपलं. शेजारच्या पाच जणी पदरात तोंड लपवून हसत होत्या आणि सासूबाई माझ्याकडे अशा पाहत होत्या, की ही खाजगी डॉक्टरणीकडे नेण्यापेक्षा कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवी होती.

शेवटी सभेनं काय ठरवलं? प्रत्यक्ष जागेची पाहणी करायची. पाहणी समितीचे प्रमुख शेठ. स्वतःच्या गाळ्याची, स्वतःच्या कारखान्याच्या आवाजाची पाहणी शेठच करणार, यात कुणाला काही खटकलं नाही. उलट, त्यांना जागा माहीत आहे, शोधायला त्रास नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

पाहणीचा दिवस आला तेव्हा मला आठवा लागला होता. आणि तो दिवस शुक्रवार होता.

पाहणी शुक्रवारी ठेवण्यात शेठचा डाव होता, असं आमच्या चाळीतल्या पुष्कळ बायका मानतात. मी मानत नाही. डाव करायला थोडी बुद्धी लागते. समितीतले पाच जण, पाचही कारखानदार. कारखाना चालू असताना कोण फिरणार? शुक्रवारी सगळे मोकळे. पाचातल्या एकाच्याही मनात आलं नाही, की आवाजाची पाहणी करायला आपण बंदच्या दिवशी निघालोय.

सुट्टी असून दवाखाना खास उघडला होता. आत अंधार, म्हणून कंपाउंडर बॅटरी घेऊन उभा. आम्ही दारात जमलेल्या. समिती आत शिरली. बाटल्या फळीवर स्थिर होत्या. त्या बाटल्यांना इतकं शांत उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेठनी डोळे मिटले, एक खोल श्वास घेतला. "वा! काय शांतता आहे! इथं तर झोप लागेल."

दुसरे म्हणाले, "माझ्या घरी नाही एवढी शांतता."

"गारवा पण चांगला आहे."

"अंधार आहे म्हणून डोळ्यांना बरं वाटतं. पेशंटला बरं."

मला वाटलं, आता कुणीतरी हसेल, कुणीतरी कपाळाला हात लावेल. कुणीच नाही. मग सासूबाई पुढे झाल्या.

"शेठ, आज शुक्कारवार हाय."

"हो, आजी. म्हणूनच आलो. निवांत."

"शुक्कारवारी लूम बंद हायत. म्हनून आवाज न्हाय."

शेठनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "आजी, आम्ही जे प्रत्यक्ष पाहिलं तेच लिहिणार ना? आता आवाज आहे का? नाही. मग आहे असं कसं लिहिणार? ते खोटं होईल."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. त्यांना वाद जिंकण्याची सवय होती. त्यांनी दुसऱ्या बाजूनं घेतलं. "बरं. मंग एक काम करा. शुक्कारवारी इतकं शांत हाय, तर शुक्कारवारीच उघडा दवाखाना. पोरींना शुक्कारवारी तपासा."

"कसं उघडणार, आजी? शुक्रवारी सुट्टी असते ना."

"मंग सुट्टी बदला."

"त्याला सभेत विषय ठेवावा लागेल." आणि ते हसून आमच्या सगळ्यांच्या पोटांकडे बघत म्हणाले, "अर्ज करा तुम्ही. बघू पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी! आमच्या पोटांना त्यांनी सभेच्या तारखांवर टांगलं होतं.

समितीचा अहवाल यथावकाश आला. परिसर अत्यंत शांत, प्रसन्न आणि रुग्णांस पोषक. स्थलांतराची आवश्यकता नाही. मात्र नागरिकांच्या भावनांचा आदर करून परिसरात शांतता टिकून राहावी यासाठी फलक लावण्यात यावा. आणि खरंच, पालिकेची माणसं येऊन एक पिवळा फलक ठोकून गेली. कुठं? कारखान्याच्या भिंतीवर. 'दवाखाना. शांतता राखा. हॉर्न वाजवू नये.' फलक बसवला त्या दिवशीच तो लूमच्या दणक्यांनी थरथरायला लागला, आणि आठवड्याभरात त्याचा एक खिळा निघून तो वाकडा लटकू लागला. उत्तर प्रदेशातून आलेले कामगार कपाळावरचा घाम पुसत तो वाचायचे आणि एकमेकांना म्हणायचे, "हॉर्न मत बजाना, भाई."

नववा लागला. त्या बुधवारी सकाळपासून बाळ हललं नव्हतं. हलत असेल, मला कळलं नसेल, असं मी स्वतःला समजावत होते. भाकऱ्या केल्या, धुणं घातलं, मुद्दाम डाव्या कुशीवर पडले. काही नाही. सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

दवाखान्यात गर्दी होती. सिस्टरनं माझं तोंड पाहिलं आणि रांग मोडून मला टेबलावर घेतलं. नळी टेकवली. कान लावला. डोळे मिटले. भिंतीपलीकडे दिवसपाळी जोरात होती. टेबलाचे पाय थरथरत होते, मी थरथरत होते. त्यातलं कारखान्याचं किती आणि माझं किती, सांगता आलं नसतं. तिनं नळी इकडे लावली, तिकडे लावली, खाली, बाजूला. तिच्या कपाळावर आठी पडली.

"काय?" मी विचारलं.

"थांबा."

"आहे का?"

"बाई, थांबा. मला ऐकू येत नाही."

मागच्या वेळी असंच या टेबलावर पडून मी 'ठीक' ऐकलं होतं. आता मला ठीक नको होतं. मला खरं हवं होतं, आणि खरं तिच्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. मधे शेठचं कापड विणलं जात होतं.

मी मान वळवली तर सासूबाई जागेवर नव्हत्या.

पुढचं मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या माणसांनी येऊन, अभिनय करून दाखवलं. सासूबाई मागच्या दारानं आत गेल्या. मुकादमाजवळ जाऊन काहीतरी ओरडल्या. मुकादमानं कानाशी हात नेला, "क्या, अम्मा?" त्या पुन्हा ओरडल्या. "क्या?" तिसऱ्यांदा त्या ओरडल्या नाहीत. भिंतीवर विजेच्या मोठ्या खटक्याची दांडी होती. त्यांनी पदर कमरेला खोचला, दोन्ही हातांनी दांडी धरली आणि विहिरीतून पोहरा ओढावा तशी खाली ओढली.

दवाखान्यात दिवा गेला. आणि मग लूम थांबले. एकदम नाही. एक, मग दोन, मग खडखडत उरलेले. शेवटचा एक दणका, आणि बस्स. माझे कान इतके रिकामे झाले की दुखले.

एवढ्यानं झालं नाही. गल्लीतली लहान पोरं त्या आवाजातच जन्मलेली आणि त्यावरच झोपणारी. आवाज थांबला तशी सगळी दचकून उठली आणि चारी बाजूंनी भोकाड सुरू झालं. सिस्टर किंचाळली, "घ्या त्यांना पदराखाली!" बाकावरच्या बायका उठून दारादारांत धावल्या. एकेक भोकाड बंद होत गेलं. मग खरी शांतता झाली. खरी. बुधवारची.

सिस्टरनं अंधारात नळी पुन्हा टेकवली.

तेवढ्यात दारात चपलांचा फटफटाट. शेठ! रस्त्यापलीकडे घर. कधी लूमचा आवाज न ऐकणाऱ्या माणसाला तो थांबलेला मात्र तत्काळ ऐकू आला होता. लुंगीवरच धावत आले होते, एका गालाला साबण.

"काय झालं? लाइट गेली का? कुणी बंद केलं? मधेच बंद पडला की कापडावर पट्टा पडतो, अख्खं कापड वाया…"

सिस्टरनं मान वर केली नाही. एक हात फक्त मागे उचलला, पंजा उघडा. जसा शाळेत बाई वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिताना उचलतात. आणि शेठ गप्प झाले. ज्या माणसाला पालिकेत कुणी गप्प बसवू शकलं नव्हतं, तो दारात, ओल्या गालानं, एक पाय आत आणि एक बाहेर असा खिळून राहिला. त्यांच्या मागे लूमवाले कामगार येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे बायका, पोरांना थोपटत. आणि सासूबाई, हात झटकत.

सिस्टरनं मनगटावरचं घड्याळ खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. ते थांबले नाहीत. हलत राहिले, हलत राहिले. म्हणजे मोजायला काहीतरी होतं.

"आहे," ती म्हणाली. "चांगलं आहे. झोपलं होतं लबाड."

मला आठवतं, मी फार मोठ्यानं हसले आणि नाक शिंकरायला लग्नातल्या साडीचा पदर वापरला. हो, तीच साडी. दवाखान्यात जायचं म्हणून मी परत नेसले होते. मुलगी त्यानंतर पंधरवड्यानं झाली, मोठ्या इस्पितळात, रडत आणि रागावलेली. पण त्या बुधवारी अजून ती आत होती, आणि दारात शेठ होते, आणि त्यांचं कापड खोळंबलं होतं.

"झालं ना?" शेठनी दबक्या आवाजात विचारलं. "मग करू का चालू?"

"थांब रं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी शेठला बाजूला सारलं, सिस्टरच्या हातातून नळी घेतली, माझ्या पोटावर लावली आणि तिच्यावर पांढऱ्या बटा सुटलेला आपला कान टेकवला. डोळे मिटले. बराच वेळ गेला. कामगारांतल्या एकानं डोक्याचं फडकं काढून हातात धरलं होतं.

शेठना राहवेना. "आजी," ते कुजबुजले, "काय म्हणतंय?"

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"गप ऱ्हा म्हनतंय."